संप कधी संपला? वडीलधाऱ्यांच्या आठवणी आणि हातची कामे नोंदवून ठेवताना

मुंबईच्या गिरण्यांतला संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, ही तारीख लालबाग-परळच्या कोणत्याही जुन्या चाळीत कोणीही झोपेतून उठून सांगेल. हाच संप संपला कधी, असे मात्र विचारून पाहावे. माझ्या मामांच्या मते तो दीड वर्षाने संपला, कारण तेव्हा ते पुन्हा साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, उभे राहिले. त्यांच्या शेजारचे काका सांगतात की तो त्याच वर्षीच्या दिवाळीत संपला, कारण त्या दिवाळीला त्यांनी बायकोच्या पाटल्या मोडल्या आणि पुढच्या आठवड्यात भाजीची गाडी लावली. मामींचे उत्तर तिसरेच आहे: “संपला कुठे? संपला म्हणून सांगायला कोणी आलंच नाही.” कागदोपत्री पाहिले तर मामींचेच म्हणणे खरे ठरते, कारण डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी केलेला तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही.

एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे मला एका संध्याकाळी, एकाच खोलीत मिळाली आणि मौखिक इतिहास म्हणजे काय हे मला त्या दिवशी उमगले. ध्वनिमुद्रित मुलाखतींचा शिस्तशीर संग्रह करण्याचे काम अ‍ॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सुरू केले आणि तेव्हापासून त्याला अभ्यासशाखेचे रूप आले, हे खरे. परंतु ओव्या, पोवाडे आणि कोकणातल्या गजाली ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. गेली काही वर्षे मी नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या अशा नोंदी घेत आहे. त्यात झालेल्या चुका आणि त्यांतून सापडलेल्या वाटा येथे सांगत आहे, जेणेकरून ज्यांना आपल्या घरातून किंवा वस्तीतून सुरुवात करायची आहे त्यांचा निदान पहिला महिना वाया जाऊ नये.

पहिली भेट यंत्राशिवाय

सुरुवात कोणापासून करावी, याचे उत्तर निष्ठुर वाटले तरी सरळ आहे: वयाने आणि प्रकृतीने ज्यांच्याकडे वेळ कमी आहे त्यांच्यापासून. बहुतेक जण मात्र घरातल्या सर्वांत बोलक्या माणसाकडे आधी जातात. बोलक्या माणसाच्या गोष्टी लग्नकार्यांत सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात आणि त्या आपल्याला आधीच पाठ असतात. ज्यांना कोणी काही विचारलेलेच नाही, अशा माणसांकडे न घासलेल्या आठवणी असतात. विशेषतः घरातल्या स्त्रिया “मला काय माहीत, यांनाच विचारा” असे म्हणून उठून जातात, तेव्हा ते उत्तर खरे मानू नये. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना किती डबे, किती उधारी आणि कोणाचा पगार कधी, हे सारे तोंडपाठ असे. त्यांच्या याच कामाच्या बळावर प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. अशा घरात गिरणीतल्या नवऱ्याची मुलाखत घेऊन परतणे म्हणजे अर्धी हकीकत चुलीपाशी सोडून येणे होय.

पहिल्या भेटीत यंत्र नेऊ नये. चहा घ्यावा, आपण काय करू पाहतो आणि त्याचे पुढे काय होणार हे सांगावे, आणि घरात जपून ठेवलेल्या वस्तू पाहाव्यात. पत्र्याच्या ट्रंकेत एखादे बदली कामगाराचे गिरणीतले कार्ड, रेशनकार्ड, मंडळाची पावती किंवा जत्रेतला फोटो असतोच. त्यांचे जागेवरच मोबाइलने छायाचित्र घ्यावे. मूळ कागद “नंतर आणून देतो” म्हणून घरी नेऊ नयेत. एका कुटुंबाचा एकमेव लग्नाचा फोटो स्कॅन करण्यासाठी नेऊन तो मी तीन आठवडे परत केला नव्हता, आणि त्या तीन आठवड्यांत त्या घरातल्या आजी माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. ते योग्यच होते.

घरी आल्यावर त्या माणसाच्या आयुष्याचा एक पानी तक्ता करावा, ज्याच्या एका बाजूला त्यांचे वय आणि दुसऱ्या बाजूला शहराच्या ठळक घटना असतील. आपल्या मागच्या पिढीला सन क्वचितच आठवतो. घटना पक्की आठवते. १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, ३१ मार्च १९६४ रोजी धावलेली शेवटची ट्राम, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मुंबईतही जाणवलेला कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला सुरू झालेले मुंबई दूरदर्शन, १९७४ चा रेल्वे संप, २६ जुलै २००५ चा पाऊस: या खुंट्या आहेत. “थोरली कधी झाली?” या प्रश्नाला “ट्राम होती तेव्हा” असे उत्तर आले, की सन आपोआप एका टप्प्यात येतो. एक सावधगिरी मात्र बाळगावी. “तेव्हा चार आण्याला मिळायचं” यावरून काळ ठरवू नये, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली तरी पंचवीस पैशांना चार आणे म्हणणे पुढे कितीतरी वर्षे चालू राहिले.

संमती

संमती दोनदा घ्यावी: एकदा सुरू करण्यापूर्वी आणि एकदा सारे बोलून झाल्यावर, कारण आपण काय सांगणार आहोत हे माणसाला आधी ठाऊक नसते. एका कागदावर साध्या मराठीत लिहावे की ही नोंद कोणाला ऐकता येईल, केवळ कुटुंबाला, मंडळाला की सर्वांना. नाव द्यायचे की नाही. आणि एखादा भाग अमुक वर्षांपर्यंत बंद ठेवायचा आहे का. तोच मजकूर ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला वाचून त्यांचा होकार आवाजातही घ्यावा, म्हणजे ज्यांना सही करणे अवघड जाते त्यांच्यापुढे अंगठ्याचा प्रश्न उभा राहत नाही. ज्यांची स्मृती आजाराने डळमळीत झाली आहे, त्यांच्या बाबतीत घरच्यांची परवानगी पुरेशी मानू नये. त्या दिवशी त्यांना बोलावेसे वाटत आहे का, हे दर वेळी पाहावे. बोलण्यात तिसऱ्या माणसाची गोष्ट येतेच: भावाने जागा लाटल्याची, जावेच्या माहेरची, जातीवरून झालेल्या अपमानाची. अशी हकीकत मूळ फितीत राहू द्यावी, परंतु इतरांना ऐकवण्याच्या प्रतीतून ती वगळण्याचा अधिकार सांगणाऱ्याला असावा.

दहा बाय बाराच्या खोलीतला आवाज

या विषयावरची मार्गदर्शने “शांत खोली निवडा” असे सांगून पुढे जातात. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, तिच्या एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात ओटा, आणि दाराबाहेरचा बोळ म्हणजे साऱ्या मजल्याचा रस्ता. तेथे शांत खोली म्हणजे दुपारी दोन ते चार ही वेळ. त्या वेळी नळाला पाणी नसते, मुले शाळेत असतात आणि कुकरच्या शिट्या झालेल्या असतात. पंखा बंद करावाच लागतो, कारण पंख्याचा आवाज कानाला जाणवत नाही आणि मुद्रणात मात्र सगळे शब्द गिळून टाकतो. माझी पहिली दोन तासांची मुलाखत अशीच पंख्याने खाल्ली. एप्रिल-मेमध्ये वयस्क माणसाला पंख्याविना बसवणे हा छळ आहे, म्हणून वीस-वीस मिनिटांचे तुकडे करावेत आणि मध्ये पंखा लावून सरबत घ्यावे. फ्रिजही बंद करावा आणि आपल्या घराच्या किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय आपल्याला घरी जाताच येणार नाही. खिडकीतून येणारा लोकलचा आवाज आला तर येऊ द्यावा. तो त्या घराचाच आहे. गादी, उशा, दोरीवर वाळत घातलेले कपडे आवाजाचा घुमारा कमी करतात, तेव्हा आवराआवर करू देऊ नये.

यंत्राबद्दल फार बोलण्यासारखे नाही. साधा मोबाइल आणि कॉलरला लावायचा दोन-तीनशे रुपयांचा तारेचा माइक एवढ्यावर उत्तम काम होते. मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवावा, नाहीतर नेमक्या वेळी कोणाचा तरी फोन येतो आणि मुद्रण थांबते. शक्य असल्यास डब्ल्यूएव्ही स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा साठवणाऱ्या फायलीत, मुद्रण करावे. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आणि एका माइकचे एक तासाचे मुद्रण सुमारे ५२० एमबी जागा घेते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साठ तासांच्या जवळपास बसते. एमपी३ त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढ्या जागेत मावते, पण आवाजातला काढून टाकलेला भाग पुन्हा मिळवता येत नाही. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे सांगावीत, अर्धा मिनिट मुद्रण करून कानाला लावून ऐकावे आणि मगच पुढे जावे.

विचारायचे काय

“तुमच्या काळी माणुसकी होती, नाही का?” हा प्रश्न विचारणाऱ्याला “होती बाबा, आता काही राहिलं नाही” यापलीकडे काहीही मिळणार नाही. “किती सोसलंत हो तुम्ही!” हा तर प्रश्नच नव्हे, आणि त्याने माणूस सोसल्याचीच गोष्ट सांगू लागतो. मते विचारू नयेत, दिवस विचारावा. पहिला पगार हातात पडला त्या दिवशी तुम्ही गिरणीच्या फाटकातून बाहेर पडून कोणत्या दिशेला वळलात? पहिल्या पाळीला जाताना तोंड कुठे धुवायचात? भोंगा चुकला तर काय व्हायचे? गावाहून येताना बोचक्यात काय काय होते? अशा प्रश्नांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, आणि उत्तर देता देता माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो.

मला सर्वांत फळलेली युक्ती म्हणजे कोरा कागद आणि पेन्सील. गावकीच्या, म्हणजे एकाच गावच्या कामगारांच्या सामायिक खोलीत राहिलेल्या एका आजोबांना मी म्हटले, “आजोबा, खोली काढून दाखवा, कोण कुठे झोपायचं ते.” त्यांनी आधी “मला कुठलं चित्र येतं” म्हणून हात मागे घेतला, मग एक चौकोन काढला, दार काढले, भिंतीला ओळीने ट्रंका काढल्या, आणि मग एकेका ट्रंकेवर बोट ठेवून त्या ट्रंकेच्या मालकाचे नाव, त्याची वाडी, त्याची गिरणी आणि त्याची पाळी सांगत गेले. सतरा नावे झाली. रात्रपाळीहून आलेला माणूस पहिल्या पाळीला गेलेल्याच्या पथारीवर झोपायचा, हे कळले. पावसाळ्यात सज्जावर झोपता येत नसे तेव्हा पाच जण गणपतीच्या माळ्याखाली बसून रात्र काढत, हेही कळले. शेवटी कोपऱ्यात त्यांनी एक लहानसा गोल काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. तो गोल म्हणजे पाण्याचा माठ होता, आणि त्या माठातून कोणाकोणाने पाणी घ्यायचे नाही, याची गोष्ट पुढच्या वीस मिनिटांत आली. चाळीतल्या जातिभेदाविषयी मी थेट विचारले असते तर “तसलं काही नव्हतं आमच्यात” असे उत्तर आले असते, याची मला खात्री आहे.

त्या शांततेत मी बोललो नाही, एवढेच माझे श्रेय. माणूस थांबला की आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो, आणि येऊ घातलेली गोष्ट परत जाते. मनातल्या मनात दहा आकडे मोजावेत. “हं, हं”, “हो का”, “अरे बाप रे” हेही टाळावे आणि केवळ मान हलवावी, कारण ते हुंकार नंतर फितीवर प्रत्येक वाक्यावर चढून बसतात.

घरातली दुसरी माणसे मध्ये बोलतात ही मुंबईच्या खोल्यांची न टळणारी अडचण आहे. “अहो, तसं नाही ते, आधी आपण नायगावला होतो” असे आतून आले, की बोलणाऱ्याचा धागा तुटतो. त्यांना गप्प करू नये आणि बाहेर जाण्यासही सांगू नये, कारण जायला जागा नसते. “मामी, तुमचं मला वेगळं ऐकायचंय, रविवारी येतो” असे सांगावे आणि रविवारी खरोखर जावे, शक्यतो मामा भजनाला गेलेले असताना.

संप, १९९२-९३ च्या दंगली, मुलाचे जाणे अशा ठिकाणी बोलणे आले आणि आवाज बदलला, तर यंत्र बंद करू का, असे विचारावे. काही जण “चालू राहू दे” म्हणतात. काही जण म्हणत नाहीत, आणि मग त्या दिवशीचे काम तेवढेच. अशा बैठकीनंतर लगेच उठून जाऊ नये. दुसऱ्या कशावर तरी बोलून, चहा होईपर्यंत थांबावे.

आणि चूक सुधारू नये. सांगणाऱ्याने सन चुकवला, दोन मोर्चे एकात मिसळले, तरी त्या क्षणी त्यांना अडवू नये; नंतर टिपेत “या घटनेची तारीख अमुक” असे लिहावे. इटलीतले अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी या पोलादाच्या गावातल्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की १९४९ साली पोलिसांच्या हातून मारला गेलेला लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार १९५३ च्या कामगार-कपातीच्या वेळी गेला, असे अनेक जण मनापासून सांगत होते. त्यांनी ती चूक म्हणून खोडली नाही. एवढा मोठा मृत्यू एवढ्याच मोठ्या लढ्याशी जोडला जावा, ही त्या गावाची गरज त्यांनी त्यात वाचली. शेजारच्या काकांची “दिवाळीत संपलेला संप” ही तारीख मी त्यानंतर अधिक आदराने लिहून ठेवली.

हाताची कामे हातानेच सांगू द्यावीत

कौशल्याची नोंद ही मुलाखतीपेक्षा वेगळी गोष्ट आहे, आणि येथे केवळ आवाजाचे मुद्रण कमी पडते. मामा साचेवाले होते. साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालू असल्यावर कानाशी ओरडलेलेही ऐकू येत नसे, म्हणून तेथली सारी बोलणी हातांनी आणि ओठांनी चालत. “मग जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय हे कसं सांगायचात?” असे मी विचारले. माझ्या ध्वनिफितीवर यानंतर सात सेकंद शांतता आहे आणि मग मामी खो-खो हसतात. मामांनी दोन बोटे मिशीवरून फिरवून छाती पुढे काढली होती, आणि ते मुद्रणात कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी मी मोबाइल तिपाईवर लावून गेलो आणि त्यांच्याकडून खुणांची सारी भाषा पुन्हा करून घेतली: धागा तुटला, कांडी संपली, चहाला चल, माझे साचे जरा बघ, आज गेट मीटिंग आहे. तेवीस खुणा निघाल्या.

काम करणाऱ्याच्या समोरून चित्रण केले तर पाहणाऱ्याला सारे उलटे दिसते. मोबाइल त्यांच्या खांद्यामागून, थोडा वरून लावावा, म्हणजे शिकणाऱ्याला तेच हात स्वतःचे हात म्हणून पाहता येतात. एकदा नेहमीच्या गतीने, न थांबता, सगळे काम होऊ द्यावे. दुसऱ्यांदा सावकाश आणि बोलत बोलत. हा क्रम उलटा करू नये, कारण सावकाश केलेल्या कामात हात वेगळेच वळतात. आवारात मोदक वळणाऱ्या एका आजींना मी प्रथमच हळूहळू करायला सांगितले, तर त्यांच्या पारीला कळ्याच नीट पडेनात, आणि त्या माझ्यावरच रागावल्या.

“अंदाजाने” या शब्दाशी गाठ पडणारच. माझी मोठी मावशी दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, मालवणी मसाला करते. बेडगी आणि संकेश्वरी मिरची, धणे, बडीशेप, दगडफूल, त्रिफळ आणि बाकीचा गरम मसाला घरी भाजून तो लालबागेत कांडपावर नेते. प्रमाण विचारले की म्हणते, “मूठभर. आता मुठीचं काय माप सांगू?” म्हणून मी तिला न सांगता काहीच केले नाही, उलट तिच्या परवानगीने स्वयंपाकघरातला वजनकाटा तिच्या शेजारी ठेवला आणि प्रत्येक मूठ कढईत पडण्याआधी ताटलीत पडू दिली. धण्यांच्या तीन मुठी अनुक्रमे २२, २४ आणि २३ ग्रॅम भरल्या. अंदाज म्हणतात तो इतका काटेकोर असतो. वजनापेक्षा अवघड होते ते भाजणे थांबवण्याची वेळ पकडणे. “वास सुटला की काढायचे” असे ती म्हणाली, तेव्हा कसला वास, असे मी विचारले, आणि ती थोडी थांबून म्हणाली की आधी ओल्या गवतासारखा येतो, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखा, आणि त्या दोहोंच्या मधला तो खरा. हे वाक्य मिळवण्यासाठी मला तीन उन्हाळे लागले, कारण पहिली दोन वर्षे मी फक्त घटक लिहून घेत होतो.

म्हणून कोणतेही काम नोंदवताना त्यातली साधने, मापे आणि बिघाड या तिन्हींविषयी विचारावे, आणि बिघाडाविषयी सर्वांत जास्त. चुकले तर कसे कळते? चुकले तर काय करता? कल्हईवाल्याने नवसागर टाकून कथील फिरवले आणि तरीही ते भांड्याला धरले नाही, तर दोष कशाचा? ज्याला दुरुस्ती सांगता येते त्याला काम येते. माप शरीराचे असेल तर ते शरीरावरच नोंदवावे: कोळी बांधव जाळे आणि दोरखंड वावेने मोजतात, म्हणजे दोन्ही हात पसरून या बोटापासून त्या बोटापर्यंत, अशा वेळी त्या माणसाने हात पसरल्यावर टेप लावून मीटरमधले मापही लिहावे. वरळी, माहीम, खारदांडा किंवा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात जायचे असेल तर आधी भरती-ओहोटी पाहावी. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी मंद असते तेव्हा, माणसे किनाऱ्यावर जाळी सांधत बसलेली सापडतील. उधाणाला मासेमारीची धांदल असताना मुलाखत मागणाऱ्याला मिळायची तीच उत्तरे मिळतात.

शब्द त्यांचेच ठेवावेत. साधनाला, गाठीला, हाताच्या वळणाला त्यांच्याकडे जे नाव आहे ते विचारून, उच्चारासह, दोनदा म्हणवून घ्यावे आणि वस्तूच्या छायाचित्राखाली लिहावे. शिकलेल्या माणसासमोर वडीलधारी मंडळी आपणहून पुस्तकी शब्द वापरू लागतात, “तुम्ही आपापसात काय म्हणायचात?” असे विचारले की खरा शब्द येतो.

गाण्यांचेही असेच आहे. आजीला “एखादी ओवी म्हणा” म्हटले तर तिला आठवत नाही, आणि ती खोटे बोलत नसते. जात्यावरची ओवी दळण्याच्या फेऱ्याबरोबर येते. घरात जाते असेल तर त्यावर मूठभर तांदूळ घालून द्यावेत, नसेल तर पाटा-वरवंटा, तोही नसेल तर पाळण्याची दोरी हातात द्यावी. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्या अशाच बायकांच्या कामाच्या वेळा आणि त्यांचा सहवास सांभाळून. मुंबईतल्या आज्याही त्याच गावांतून आल्या आहेत. त्यांच्या ओव्यांत गिरणी, भोंगा आणि आगगाडी आलेली सापडते.

चालता येत असेल तर माणसाला त्या जागी घेऊन जावे. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे आणि चिमणी तेवढी उभी आहे. एका निवृत्त कामगाराला तेथे नेले, तेव्हा सुरक्षारक्षकाने आत जाताना पिशवी तपासली आणि आजोबा म्हणाले, “पूर्वी बाहेर पडताना तपासायचे.” हे घरी बसून कधी निघाले नसते.

मुद्रणानंतरचे काम

खरे कष्ट येथून पुढे आहेत आणि बहुतेकांचे काम येथेच अडते. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला मला सहा ते सात तास लागतात. संगणकाकडून उतरवून घेता येते, परंतु मालवणी, आगरी किंवा घाटावरची बोली आली की यंत्र तिचे प्रमाण मराठी करून टाकते किंवा भलताच शब्द घालते, तेव्हा त्या मसुद्यावर कानाने पुन्हा फिरणे भाग आहे. “व्हतं” असेल तर “व्हतं”च लिहावे. वेळ नसेल तर संपूर्ण उतरवण्याऐवजी दर पाच मिनिटांना काय बोलले गेले याची दोन ओळींची सूची करावी; सूची असलेली फीत सापडते, नसलेली सापडत नाही.

फायलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख, मग बोलणाऱ्याचे नाव आणि बैठकीचा क्रमांक असावा. “मामा फायनल नवीन २” अशा नावाच्या चार फायली माझ्याकडे आजही आहेत आणि त्यांतली कोणती कोणत्या दिवसाची, हे मला मामांनाच विचारावे लागले. मूळ फाईल कधीही कापू नये. कापायची ती प्रत. व्हॉट्सअ‍ॅपवरून ध्वनिसंदेश किंवा चित्रफीत म्हणून पाठवले की दर्जा उतरतो, म्हणून पाठवायचे झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी: एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर, एक गावी किंवा पुण्याच्या बहिणीकडे. सगळ्या प्रती तळमजल्यावरच्या एकाच कपाटात ठेवणाऱ्यांनी २६ जुलै आठवावा. जुने फोटो आणि कागद मुंबईच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या अल्बमला चिकटतात. ते कागदी पाकिटांत ठेवून डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पावसाळा संपल्यावर त्या बदलाव्यात.

उतरवलेला मजकूर त्या माणसाला वाचून दाखवणे हा भाग वगळू नये. मामांना मी पहिल्या बैठकीची चौदा पाने वाचून दाखवली. पाचव्या पानावर त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, “दीड वर्षानं मी परत गेलो म्हणून सांगितलंय ना, ते खरं आहे. पण पाळीला नव्हतो गेलो. फंडाचा कागद आणायला गेलो होतो, आणि जॉबर म्हणाला, आलायस तर उभा राहा.” ही दुरुस्ती मूळ फितीत नाही, म्हणून ती तारखेसह वेगळी मुद्रित केली आणि दोन्ही ठेवल्या. मजकुराची छापील प्रत, मोठ्या अक्षरांत आणि बांधून, घरी द्यावी. पेन ड्राइव्ह देऊन उपयोग नसतो, तो देवघराच्या खणात जातो.

जे सर्वांसाठी खुले करण्याची संमती आहे तेवढे इंटरनेट आर्काइव्हसारख्या ठिकाणी ठेवता येते, किंवा आपल्या विभागातल्या ग्रंथालयाला आणि गावच्या मंडळाला विचारता येते. देताना संमतीपत्राची प्रत, सूची आणि छायाचित्रे सोबत द्यावीत. आपल्याजवळच्या प्रती मात्र वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. मी हे दिवाळीच्या साफसफाईबरोबर करतो: प्रत्येक फाईल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अर्धा मिनिट ऐकतो, वहीत तारखेपुढे खूण करतो, आणि जी उघडत नाही तिची दुसऱ्या घरातल्या प्रतीवरून त्याच दिवशी नवी प्रत करून घेतो.